६२८ सेंटीमीटर

६ एप्रिल

उन्हाळी शिबिराच्या शेवटच्या दोन दिवसांत क्लबच्या हॉलमध्ये काहीतरी मांडायचं, असं सरांनी जाहीर केलं आणि "स्कोअररकाका बघतील" म्हणून मोकळे झाले. दर वर्षी तेंडुलकरचे फोटो लागतात. या वर्षी तरी ते नकोत, असं मी म्हटलं आणि मान अडकवून घेतली.

विषय डोक्यात होताच. २०१६ च्या जानेवारीत इथे कल्याणला, वायले नगरच्या मैदानावर, प्रणव धनावडेने नाबाद १००९ काढल्या. आमच्या पोरांना तो आकडा पाठ आहे. पण त्या दिवशी मोडला गेलेला विक्रम कुणाचा होता, असं आज नेट्सनंतर विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एकाने ब्रॅडमन म्हटलं, एकाने लारा. एक म्हणाला, "काका, तो कुणाचा असणार, इंग्लंडवाल्याचाच ना." हा सगळ्यात जवळ आला.

ए. ई. जे. कॉलिन्स. क्लिफ्टन कॉलेज, ब्रिस्टल. जून १८९९. वय वर्षं १३, नाबाद ६२८. हा आकडा ११६ वर्षं टिकला. तो काढणारा मुलगा एकोणतिसाव्या वर्षी, पहिल्या महायुद्धात, बेल्जियममध्ये मारला गेला.

कल्पना अशी: भिंतीवर रंगीत कागदाच्या दोन पट्ट्या, एकाखाली एक. एक धाव म्हणजे एक सेंटीमीटर. वरची पट्टी कॉलिन्सची, खालची प्रणवची. पोरांनी कडेकडेने चालत जायचं.

८ एप्रिल

टेप घेऊन हॉल मोजला. लांब भिंत ८ मीटर ७०, त्यात मध्येच स्विचबोर्ड. कॉलिन्सचे ६ मीटर २८ आरामात बसतात. प्रणवचे १० मीटर ९ बसत नाहीत. भाची म्हणाली, "मामा, प्रमाण बदल ना, अर्धा सेंटीमीटर कर." नाही करणार. पट्टी कोपरा वळून दाराच्या चौकटीपर्यंत जाऊ दे. भिंत पुरली नाही, हे पोरांना दिसलंच पाहिजे.

११ एप्रिल

माहितीचा पहिला फलक लिहायला घेतला.

आर्थर कॉलिन्सचा जन्म १८ ऑगस्ट १८८५ चा, हजारीबागचा. आजच्या झारखंडमधलं हजारीबाग, तेव्हा बंगाल इलाख्यात. वडील इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये न्यायाधीश. १८९७ च्या सप्टेंबरात तो क्लिफ्टनला दाखल झाला तेव्हा आईवडील दोघंही हयात नव्हते. सुट्टीत तो जायचा तो डेव्हनमध्ये, पालकत्व घेतलेल्यांच्या घरी. (कॉलेज हे नुसतं नाव, ही बोर्डिंगची शाळा. हे फलकावर घालायलाच हवं, नाहीतर पोरं त्याला अकरावीत बसवतील.)

बुटका, अंगाने भरलेला, सोनेरी केसांचा, फिकट. अबोल. बोलण्यापेक्षा करून दाखवणारा. आणि त्याच्याबद्दल शाळेतलं मत असं की फलंदाज म्हणून हा फार वर जायचा नाही, कारण बेफिकिरीने फटके मारतो. हे वाचून हसू आलं. आमचे सर प्रत्येक बॅचमधल्या एकाबद्दल हेच म्हणतात. तो "एक" बहुधा त्या बॅचमधला सगळ्यात बघण्यासारखा खेळणारा असतो.

१७ एप्रिल

आज कामाचा दिवस. फटक्यांची विभागणी कागदावर उतरवली:

षटकार १, पाच धावांचे फटके ४, चौकार ३१, तिहेरी ३३, दुहेरी १४६, एकेरी ८७.

बेरीज केली: ६, २०, १२४, ९९, २९२, ८७. बरोबर ६२८. जुळली की स्कोअररला जेवण गोड लागतं. एकूण ३०२ फटके, म्हणजे ३०२ तुकडे कापायचे. एकेरी पांढरी, दुहेरी निळी, तिहेरी हिरवी, चार पिवळी, पाच केशरी, सहा लाल. क्रमाने लावायचे नाहीत, प्रकाराने गटात लावायचे.

रंग ठरवता ठरवता लक्षात आलं की ही पट्टी जवळजवळ अर्धी निळी दिसणार. ६२८ मधल्या २९२ धावा दुहेरी. प्रणवच्या पट्टीचा रंग अगदी वेगळा: १२९ चौकार म्हणजे ५१६, ५९ षटकार म्हणजे ३५४, मिळून ८७०. पळून काढलेल्या उरतात फक्त १३९. खालची पट्टी पिवळीलाल, वरची निळी. लांबून बघितलं तरी दोन वेगवेगळे खेळ वाटतील.

मग हिशेब केला की कॉलिन्स किती पळाला असेल. स्टंपपासून स्टंपपर्यंत २२ यार्ड, पण पळायचं ते क्रीजपासून क्रीजपर्यंत, दोन्हीकडचे चार-चार फूट वजा करून. राहतात ५८ फूट, म्हणजे १७.६८ मीटर. गुणिले ६२८. अकरा किलोमीटरच्या वर! लगेच मोठ्या अक्षरात फलक लिहिला: "तेरा वर्षांचा मुलगा ११ किलोमीटर पळाला." भाचीने शेजारी बुटांचं चित्रही काढलं.

२० एप्रिल

तो फलक फाडला.

मैदानाची माहिती नीट वाचली असती तर लिहिलाच नसता. हे मैदान शाळेच्या मुख्य मैदानापासून बाजूला, ज्युनियर पोरांसाठी असलेलं. जमीन खडबडीत, एका अंगाला भिंत, आणि ती भिंत जवळ. त्या बाजूला सीमेपार गेलेल्या चेंडूला चार नाहीत, दोनच धावा. उरलेल्या बाजूंना सीमारेषा इतकी लांब की तिकडे मारलेली प्रत्येक धाव पळूनच काढायची.

म्हणजे त्या १४६ दुहेरींपैकी कित्येक भिंतीवरच्या, आयत्या. सगळ्या दुहेरी वजा केल्या तर पळायच्या उरतात ३३६ धावा, साधारण सहा किलोमीटर. खरा आकडा सहा आणि अकराच्या मधे कुठेतरी. शिवाय जोडीदारांच्या धावांसाठी तो पळाला, ते वेगळंच.

निळा रंग आता मला निराळा दिसायला लागलाय. आमच्या लहानपणी गल्लीत "भिंतीला लागला तर दोन, पलीकडे गेला तर आऊट" असा नियम होता. क्लिफ्टनच्या साहेबांच्या पोरांनाही हेच सुचलं होतं, फक्त त्यांनी आऊट देणं टाळलं.

नवा फलक: "सहा किलोमीटरपेक्षा जास्त". बुटांचं चित्र राहिलं.

२६ एप्रिल

सामन्याचा फलक. हा लिहिताना मजा आली, म्हणून लांबला. सरांना आवडणार नाही.

क्लार्क्स हाउस विरुद्ध नॉर्थ टाउन, ज्युनियर हाउसेसमधली, म्हणजे शाळेतल्याच दोन गटांमधली मॅच. गुरुवार, २२ जून १८९९. नाणेफेक कॉलिन्सने जिंकली आणि स्वतः सलामीला गेला. शाळा सुटल्यावर खेळायचं, उरलेलं दुसऱ्या दिवशी. वेळेचं बंधन नाही, डाव संपेल तेव्हा संपेल. त्या काळात इंग्लंडमध्ये षटक पाच चेंडूंचं होतं, सहाचं झालं ते पुढच्या वर्षी, १९०० मध्ये.

पहिल्या संध्याकाळी नाबाद २००. झेल सुटले होते: पन्नाशीला एक, शंभराला एक, १४० ला एक. शुक्रवारी बातमी गावभर झाली आणि बघ्यांची रांग लागली. चारशेला पुन्हा झेल उडाला आणि तो सुटला मैदानातल्या सगळ्यात लहान खेळाडूच्या हातून. व्हिक्टर फुलर-एबर्ले, वय ११. संध्याकाळी कॉलिन्सने ४८५ ओलांडले. तो तेव्हाचा सगळ्यात मोठा डाव, अँड्र्यू स्टॉडर्टचा, १८८६ चा. खेळ थांबला तेव्हा तो ५०९ वर होता.

शनिवार-रविवार खेळ नाही. सोमवारी तासाभरापेक्षाही कमी वेळ मिळाला. ५५६ वर आणखी एक झेल सुटला. खेळ थांबला तेव्हा तो ५९८ वर, संघ ९ बाद ८०४. मंगळवारी शेवटची जोडी, कॉलिन्स आणि रेडफर्न. ६०५ ला सुटला, ६१९ ला सुटला. मग रेडफर्नने १३ धावांवर झेल दिला आणि तो पकडला त्याच अकरा वर्षांच्या फुलर-एबर्लेने. शेवटच्या गड्यासाठी १८३ धावा झाल्या होत्या, त्यात रेडफर्नच्या तेरा.

संघाच्या ८३६. कॉलिन्सनंतरची सगळ्यात मोठी धावसंख्या ४२. अवांतर ४६. म्हणजे क्लार्क्स हाउसचा दुसऱ्या क्रमांकाचा फलंदाज "अवांतर". हे वाक्य मी फलकावर लाल शाईने लिहिलंय.

नॉर्थ टाउनने पुढे ८७ आणि ६१ केल्या. कॉलिन्सनेच त्यांचे ११ गडी टिपले. एक डाव आणि ६८८ धावांनी विजय.

तो महिना इंग्लंडच्या क्रिकेटमध्ये तसाही लक्षात राहण्यासारखा. जूनच्या पहिल्या तीन दिवसांत नॉटिंगहॅमला डॉ. ग्रेस आपली शेवटची कसोटी खेळले होते, पन्नाशीच्या वयात. तीन आठवड्यांनी वर्तमानपत्रांना तेरा वर्षांचं पोरगं सापडलं. त्याच्या प्रसिद्धीची तुलना तेव्हा कुणीतरी सर्वाधिक जाहिरात होणाऱ्या साबणाशी केली होती. ती उपमा नेमकी आहे.

१ मे

सुट्टी. भाची आणि तिच्या दोन मैत्रिणी सकाळपासून कापत आणि चिकटवत होत्या. दुपारी पट्टी पूर्ण झाली म्हणून मोजली तर ६ मीटर १९.

नऊ सेंटीमीटर गेले कुठे? पुन्हा मोजलं, टेप बदलून मोजलं. मग प्रत्येक रंग वेगळा मोजला. हिरवे ३०च निघाले. तीन तिहेरी सोफ्याखाली उडाल्या होत्या. पंख्याचा वारा, दुसरं काय.

६१९. शेवटचा झेल सुटला तोच आकडा! भाचीला सांगितलं तर म्हणाली, "बघ, तो तिथे आऊट झाला असता तर आपलं बरोबर होतं."

आम्हां स्कोअरर लोकांच्या जातीतली एक जुनी गोष्ट इथे सांगायलाच हवी. ती मॅच लिहायला दोन मुलं बसली होती. त्यांच्यापैकी एकाने पुढे सांगितल्याचं म्हणतात की ६२८ म्हणजे आपला वीस इकडे, वीस तिकडे. चार संध्याकाळी, गवतावर बसून, पेन्सिलीने, आजूबाजूला आरडाओरडा, आणि समोर हा थांबायचं नाव घेत नाही. मी दोनदा चाळीस षटकांच्या मॅचमध्ये चार धावा हरवल्या आहेत आणि मग बायमध्ये सापडल्याचं नाटक केलं आहे. त्या पोराचं मला शंभर टक्के पटतं.

आणि नऊवरून आठवलं. १९४८ च्या डिसेंबरात पुण्याला भाऊसाहेब निंबाळकर महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ वर होते. तेव्हाचा विक्रम ब्रॅडमनचा, ४५२. समोरच्या संघाने सामना सोडून दिला आणि स्टेशन गाठलं. नऊच धावा. तेव्हा सोफ्याखाली शोधून काही फायदा नव्हता.

४ मे

सरांशी वाद झाला. त्यांनी मजकूर वाचला आणि म्हणाले, "अहो, छान आहे, पण यात क्रिकेट काय आहे? अकरा वर्षांची पोरं झेल सोडतायत, भिंत हाताच्या अंतरावर. याला विक्रम म्हणायचं?"

मी म्हटलं, "सर, हेच लोक प्रणवबद्दल म्हणाले होते. तुम्ही तेव्हा काय म्हणाला होतात?"

गप्प बसले. कारण २०१६ ला मैदान लहान, एका बाजूची सीमा जवळ, समोरच्या आर्य गुरुकुल शाळेची बरीच पोरं नवखी, झेल किती सुटले त्याला गणती नाही, असं सगळीकडून ऐकू येत होतं तेव्हा चिडून भांडायला सर सगळ्यांत पुढे होते. "३२७ चेंडू खेळून बघा म्हणावं, उभं राहून दाखवा नुसतं," हे त्यांचंच वाक्य. प्रणवच्या के. सी. गांधी शाळेने ३ बाद १४६५ वर डाव घोषित केला होता, समोरच्यांच्या ३१ आणि ५२. पहिल्या दिवशी खेळ संपला तेव्हा प्रणव ६५२ वर नाबाद होता, म्हणजे कॉलिन्सचा आकडा पहिल्याच संध्याकाळी मागे पडला.

दोन्ही डाव ओळीला ओळ लावून बघितले तर मला सारखेपणाच जास्त दिसतो. शाळेची मॅच, जवळची सीमा, दमलेली लहान मुलं, सुटलेले झेल, साधारण तितकाच वेळ. कॉलिन्स पावणेसात तासांच्या थोडं वर, प्रणव साडेसहाच्या आसपास. म्हणजे कल्याणच्या मैदानाला नाकं मुरडायची असतील तर ब्रिस्टलच्या मैदानालाही मुरडायला हवीत. पण त्या मैदानाला आज कॉलिन्सचं नाव आहे आणि तिथे त्याची पाटी आहे.

सरांनी शेवटी "ठेवा" म्हटलं. मग म्हणाले, "पण शेवटी युद्धाचं लिहिणार असाल तर रडवू नका पोरांना."

१० मे

युद्धाचा फलक. तीन कागद फुकट गेले.

पहिल्या कागदावर लिहिलं: "युद्ध झालं नसतं तर कॉलिन्स इंग्लंडकडून खेळला असता." लिहून झाल्यावर स्वतःचीच लाज वाटली. कशावरून? त्या डावानंतर युद्ध सुरू व्हायला पंधरा वर्षं होती. तेवढ्यात तो शाळेच्या पहिल्या संघात आला, मुष्टियुद्धातही चमकला, आणि १९०२ मध्ये वुलिचच्या लष्करी अकादमीत गेला. १९०४ च्या डिसेंबरात रॉयल इंजिनियर्समध्ये अधिकारी झाला. नोकरीतला काही काळ भारतातही गेला. क्रिकेट सुट्टीतलं आणि पलटणीतलं. १९१३ मध्ये लॉर्ड्सवर रॉयल आर्टिलरीविरुद्ध ५८ आणि ३६. प्रथम श्रेणीचा एकही सामना नाही. काउंटीच्या वाटेला तो गेलाच नाही. त्याने नोकरी निवडली होती.

दुसऱ्या कागदावर मग उलटं लिहिलं, की क्रिकेटचं काहीच नुकसान झालं नाही. तेही उद्धट वाटलं. पुसलं.

त्याच्यापाशी १९१४ मध्ये काय होतं ते मांडून बघितलं. वय २९. कॅप्टनचा हुद्दा. त्याच वर्षी वसंतात एथेल स्लेटरशी लग्न. आईवडील लहानपणीच गेलेले, म्हणजे स्वतःचं म्हणावं असं घर कदाचित पहिल्यांदाच. ऑगस्टमध्ये युद्ध. संसार महिन्यांतला. युद्धाने हिरावलं ते हे. फलकावर शतकांच्या जागी हेच लिहायचं ठरवलं.

११ नोव्हेंबर १९१४. बेल्जियममधल्या ईप्रची पहिली लढाई. मेनिन रस्त्याच्या अंगाने प्रशियन गार्डची चढाई आली. ब्रिटिशांची फळी इतकी विरळ झाली होती की मागे राखीव म्हणावं असं फारसं कुणी उरलं नव्हतं. मग जे हाताशी होते त्यांना रायफली घेऊन पुढे काढलं. त्यात पाचवी फील्ड कंपनी, रॉयल इंजिनियर्स. यांचं मूळ काम पूल बांधणं, खंदक खणणं, काटेरी तारा लावणं. पॉलिगॉन वुडजवळ खंदकाची एक बाजू उघडी पडत होती. तिकडे आणखी माणसं पाठवा म्हणून खुणा करत असताना कॉलिन्सला गोळी लागली. त्याला खंदकात ओढून घेतलं. तासाभरात गेला.

तिसरा कागद इथेच संपवला होता, खाली "अमर रहे" लिहून. तेवढं कापून टाकलं. चौथ्यावर तारीख मोठी लिहिली, बस. बरोब्बर चार वर्षांनी त्याच तारखेला युद्ध थांबलं, हे पोरांना इतिहासाच्या तासाला कळेलच.

११ मे

काल रात्री झोप लागेना म्हणून खडकीचं वाचत बसलो. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात होते तेव्हा आम्ही खडकीलाच राहायचो आणि "सॅपर" (लष्करातला इंजिनियर जवान) हा शब्द मला शाळेच्याही आधी माहीत होता. सकाळी बँडचा आवाज, आणि भिंतीपलीकडे लोखंडी पुलाचे सांगाडे जोडणारे जवान.

तर खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपन्या त्याच शरदात फ्रान्समध्ये होत्या. २८ ऑक्टोबर १९१४ ला नव शापेल या गावात ४७ व्या शीख पलटणीच्या बरोबरीने त्यांना पायदळासारखं चढाईला घातलं. घराघरांतून हातघाई झाली. त्या दोन कंपन्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी मेले किंवा जखमी झाले. कॉलिन्सच्या आधी नेमके चौदा दिवस, ईप्रच्या दक्षिणेला. पूल बांधणाऱ्यांच्या हातात संगिनी द्यायची वेळ दोन्हीकडे सारखीच आली होती.

फलकावर दोन ओळी वाढवल्या. सर म्हणतील विषय भरकटला. भरकटू दे, खडकी मी सोडणार नाही.

१६ मे

कॉलिन्सला थडगं नाही. ईप्रच्या मेनिन गेटवर नाव आहे, चोपन्न हजारांवर नावांमध्ये. ती कमान १९२७ मध्ये उघडली आणि तिथे रोज रात्री आठ वाजता बिगूल वाजतो. धाकटा भाऊ हर्बर्टही १९१७ मध्ये मारला गेला. एकाच घरातली दोन मुलं त्या युद्धात संपली.

त्याच कमानीवर हिंदी पलटणींतली नावंही आहेत. आमच्या साताऱ्याकडच्या आणि कोकणातल्या गावांत मात्र जी संगमरवरी पाटी असते तिच्यावर नावं नसतात. या गावातून महायुद्धाला इतके गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे, संपलं. आजोळच्या चावडीवरची ती पाटी वाचतच मी इंग्रजी अक्षरं जुळवायला शिकलो. आकडे राहतात आणि माणूस गळतो, हे कॉलिन्सच्या बाबतीत उलट्या बाजूने झालं असं मला दोन दिवस वाटतंय. पण फलकावर लिहिण्याइतकं ते सुटसुटीत जमत नाही. सोडून दिलं.

२१ मे

अवकाळी. हॉलचं छप्पर गळालं आणि नेमकं प्रणवच्या पट्टीवर. दहा-बारा षटकारांचा लाल रंग खाली चौकारांवर उतरला. भाचीने रात्री बसून नवे कापले. मी केसरी चहा केला, म्हणजे त्यात केशरी कागद पडला होता.

२४ मे

पहिला दिवस. पोरं आधी सेल्फीला, मग पट्टीकडे. खालची पट्टी कोपरा वळून दाराशी जाते तिथे सगळे थांबतात, हे बरोबर ठरलं. एका आईने विचारलं, "वरचा निळा का इतका?" आणि भिंतीच्या दोन धावांची गोष्ट सांगायला मला निमित्त मिळालं.

संध्याकाळी मैदानात चुन्याने १७.६८ मीटरवर दोन रेघा मारल्या. बॅट हातात, पॅड बांधून, दोन-दोन धावा पळायच्या. कोण किती काढतो. चौदा वर्षांखालचा आमचा सगळ्यात चपळ मुलगा चोपन्नला बसला. दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाला, "काका, तो मधे पाणी प्यायचा का?" मी म्हटलं, चार संध्याकाळी मिळून होता रे तो डाव. "मग ठीक आहे," म्हणाला आणि पुन्हा उठला. बहात्तरला कायमचा बसला.

एकाने विचारलं की कॉलिन्स मोठा झाल्यावर कुठल्या टीममध्ये होता. रॉयल इंजिनियर्स, म्हटलं. त्याला वाटलं आयपीएलसारखं काहीतरी असावं. तिथूनच मग युद्धाच्या फलकाशी नेऊन उभं केलं. वाचून झाल्यावर त्याने बायकोचं नाव पुन्हा एकदा बोट ठेवून वाचलं आणि पुढे गेला. रडलं कुणी नाही.

२५ मे

आज एक भलतीच मागणी आली. शिबिरातला सगळ्यात लहान, साडेनऊ वर्षांचा, गेल्या रविवारी सामन्यात सोपा झेल सोडून घरी जेवला नव्हता म्हणे. तो सकाळपासून सामन्याच्या फलकाशी घुटमळत होता. शेवटी आला आणि म्हणाला, "काका, त्या फुलर-एबर्लेचं चित्र का नाही?"

"अरे, त्याने तर चारशेवर झेल सोडला."

"पण शेवटचा त्यानेच घेतला ना."

भाचीने उरलेल्या निळ्या कागदाच्या मागच्या बाजूला चित्र काढून दिलं: मोठी टोपी, ढगळ सदरा, आणि दोन्ही हात वर. चेंडू काढताना तिने विचारलं, हातात दाखवू की हवेत? पोरगं बराच वेळ विचार करत राहिलं.

मग म्हणालं, हवेत.

चित्र लावायला भिंतीवर जागा नव्हती. स्विचबोर्डावर चिकटवलं.